पंख रबरी, भीती खरी

नाताळच्या दिवशी मनिलातल्या थिएटरांत सहसा हॉलीवूडचा चित्रपट लागत नाही. 25 डिसेंबरपासून नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथले पडदे 'मेट्रो मनिला चित्रपट महोत्सवा'त निवडलेल्या देशी चित्रपटांसाठी राखून ठेवलेले असतात. मध्यरात्रीची प्रार्थना झालेली असते, मेजवानी उरकलेली असते, मुलांच्या खिशात नातेवाइकांनी सणाचे म्हणून दिलेले पैसे खुळखुळत असतात आणि आजी-आजोबांपासून शेंडेफळापर्यंत सगळं घर चित्रपटाला निघतं. या सणासुदीच्या गर्दीत विनोदी चित्रपट असतात, प्रेमकथा असतात आणि बहुतेक वर्षी एखादा भुताखेतांचाही चित्रपट असतोच. 'शेक, रॅटल अँड रोल' ही भयकथांची मालिका 1984 मध्ये याच महोत्सवात सुरू झाली आणि 2023 मध्ये तिचा सोळावा भाग आला. आशियातल्या सर्वांत मोठ्या ख्रिस्ती देशात येशूजन्माच्या सुट्टीत सहकुटुंब राक्षस बघायला जाणं ही आता घरगुती परंपरा झाली आहे.

फिलिपिन्सच्या या चित्रपटांना पैसा नेहमीच कमी पडला. राक्षसाचा मुखवटा हनुवटीपाशी सुटलेला दिसतो, वटवाघळाचे पंख दोरीवर हलतात, झपाटलेल्या बेटावरचं जंगल दर चार दृश्यांनी तेच तेच वाटू लागतं. तरीही साठ वर्षांपूर्वीच्या या फिती जगभरातले भयपटवेडे आजही शोधून काढतात आणि डोळे विस्फारून बघतात. याची दोन कारणं आहेत. हे चित्रपट करणाऱ्यांत त्या देशातले अव्वल दर्जाचे दिग्दर्शक होते आणि हातात चिंधी आली तरी ती त्यांनी रेशमासारखी हाताळली. दुसरं म्हणजे, यातली सर्वांत चांगली भुतं कोणा पटकथाकाराच्या डोक्यातून आलेली नाहीत. ती गावात आधीपासून राहत होती.

1589 मध्ये हुआन दे प्लासेन्सिया या स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मगुरूने तागालोग लोकांच्या चालीरीतींची नोंद केली. त्यात त्याने इथल्या चेटक्यांची आणि पिशाचांची यादीच दिली आहे. हवेत उडणारा, माणसं मारून त्यांचं मांस खाणारा 'आस्वांग' त्या यादीत आहे. मात्र हा प्रकार तागालोग मुलखात नाही, तो व्हिसाया बेटांवर आहे, असंही प्लासेन्सिया लिहितो. म्हणजे भूत आपल्याकडचं नाही, पलीकडच्या गावचं आहे, हे तेव्हाही सांगितलं जात होतं. आजही पनाय बेटावरच्या कापिझ प्रांताला आस्वांगांचा प्रांत म्हणून हिणवलं जातं. खरं तर हा प्रांत ताज्या मासळीसाठी आणि खिडक्यांना काचेऐवजी लावल्या जाणाऱ्या पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्यांसाठी नावाजलेला. तिथल्या माणसाला परक्या गावात जाऊन ओळख सांगताना ही थट्टा पाचवीला पुजलेली.

आस्वांग हे एकच एक भूत नव्हे, ते एक मोठं खटलं आहे. लोकसाहित्याचे अभ्यासक मॅक्सिमो रामोस यांनी त्याचे पाच प्रकार लावले होते: रक्त पिणारे, आतडी-काळीज शोषणारे, प्राण्याचं रूप घेणारे, मढी खाणारे आणि चेटूक करणारे. यातलं सगळ्यांत भयंकर म्हणजे 'मनानांगाल'. दिवसा ही गावातली देखणी, शांत बाई असते. रात्री तिचं धड कमरेपासून सुटतं, पाठीतून वटवाघळाचे पंख फुटतात आणि ती घरांच्या छपरांवर जाऊन बसते. खाली गरोदर बाई झोपलेली असेल, तर छपराच्या फटीतून लांबलचक जीभ सोडते. तिला मारायचं तर मागे उभं राहिलेलं कमरेखालचं शरीर शोधायचं आणि त्यावर मीठ किंवा लसूण चोळायचं. मग पहाटे तिला पुन्हा जोडून घेता येत नाही आणि सूर्य उगवला की ती संपते.

याच खटल्यातला 'तिकतिक' तर चित्रपटवाल्यांसाठी वरदानच. त्याच्या येण्याचा आवाज होतो, तिक-तिक, तिक-तिक. आवाज मोठा असेल तर तो लांब आहे. आवाज बारीक होत गेला तर तो जवळ येतो आहे. भीतीची इतकी कमी खर्चाची आणि इतकी अचूक युक्ती दुसऱ्या कुठल्या लोककथेत क्वचितच असेल. पडद्यावर काहीही दाखवायची गरज नाही. आवाज हळूहळू कमी करत न्यायचा, बाकीचं काम प्रेक्षकाचे कान करतात.

याशिवाय टाकलेल्या तान्ह्या बाळाचं रूप घेऊन जंगलात रडणारा 'तियानाक', घोड्याचं तोंड असलेला आणि वाटसरूंना चकवा लावणारा 'तिकबालांग', झाडावर बसून चिरूट ओढणारा आडदांड 'काप्रे' असा सगळा गोतावळा आहे. या भुतांवरचा विश्वास किती पक्का होता, याचा एक काळा दाखला इतिहासात आहे. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला लुझॉन बेटाच्या मध्य भागातल्या 'हुक' नावाच्या कम्युनिस्ट बंडखोरांविरुद्ध सरकारची मोहीम सुरू होती. तिला मदत करणारे अमेरिकी अधिकारी एडवर्ड लॅन्सडेल यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं, की आधी टेकडीवर आस्वांग असल्याची अफवा पसरवण्यात आली. मग गस्तीवरच्या एका बंडखोराला पकडून त्याच्या मानेवर दोन भोकं पाडली, रक्त काढून टाकलं आणि प्रेत परत वाटेवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी बंडखोरांनी ती टेकडी सोडली. पडद्यावरच्या कुठल्याही रबरी राक्षसाने केलं नसेल इतकं क्रूर कृत्य माणसांनी भुताच्या नावाने केलं.

फिलिपिन्सच्या पहिल्या काही बोलपटांतला एक होता 1933 सालचा 'आंग आस्वांग'. म्हणजे त्या देशाचा सिनेमा बोलायला लागला आणि लगेच भुताची गोष्ट सांगू लागला. तो चित्रपट आज उरलेला नाही. युद्धापूर्वीच्या फिलिपिनो चित्रपटांपैकी मोजकेच वाचले. बाकीचे हवेने, आगीने आणि 1945 च्या लढाईत बेचिराख झालेल्या मनिलाबरोबर गेले.

आज जे बघता येतं, त्याची सुरुवात 1959 च्या 'टेरर इज अ मॅन'पासून करावी लागते. दिग्दर्शक गेरार्दो दे लेओन. हा माणूस शिक्षणाने डॉक्टर. वैद्यकीची पदवी घेऊन तो सिनेमात आला आणि पुढे त्याने होसे रिझाल यांच्या 'नोली मी तांगेरे' आणि 'एल फिलिबुस्तेरिस्मो' या दोन्ही महान कादंबऱ्या 1961 आणि 1962 मध्ये पडद्यावर आणल्या. त्याच हातांनी त्याने अर्धवट माणूस झालेल्या बिबळ्याची ही गोष्ट केली. कथा उघडच एच. जी. वेल्स यांच्या डॉ. मोरोच्या कादंबरीवर बेतलेली आहे, पण श्रेयनामावलीत वेल्स यांचं नाव नाही. जहाज फुटून एक अमेरिकी माणूस 'इस्ला दे सांग्रे', म्हणजे रक्ताच्या बेटावर येऊन पडतो. तिथे एक डॉक्टर शस्त्रक्रिया करून करून एका जनावराचा माणूस बनवतो आहे.

या चित्रपटाच्या जाहिरातीत एक क्लृप्ती होती. शस्त्रक्रियेचं दृश्य येण्याआधी थिएटरात घंटा वाजे, म्हणजे नाजूक मनाच्या प्रेक्षकांनी डोळे मिटावेत. दृश्य संपलं की पुन्हा घंटा. आज ते दृश्य पाहून कोणी दचकणार नाही. चित्रपट लक्षात राहतो तो वेगळ्याच कारणाने. दे लेओनने कृष्णधवल सावल्यांतून त्या प्राण्याला बराच वेळ लपवून ठेवलं आहे. अंगभर पट्ट्या गुंडाळलेल्या, त्यातून दोन डोळे. त्या डोळ्यांत राग कमी आणि दुखणं जास्त. शेवटी बेटावरचा एक लहान मुलगा त्या जखमी जिवाला होडीत बसायला मदत करतो आणि होडी समुद्रात लोटली जाते. डॉक्टर झालेल्या दिग्दर्शकाने रुग्णाची बाजू घेतली, असंच तो शेवट बघताना वाटतं.

1964 मध्ये दे लेओनने 'कुलाय दुगो आंग गाबी' केला. रक्ताच्या रंगाची रात्र, असं हे नाव. परदेशात तो 'द ब्लड ड्रिंकर्स' म्हणून गेला. फिलिपिन्समध्ये तेव्हा रंगीत फिल्म महाग आणि दुर्मीळ होती. संपूर्ण चित्रपट रंगीत करणं परवडणारं नव्हतं. म्हणून काही भाग रंगीत चित्रित केला आणि बराचसा कृष्णधवल फिल्मवर करून तिला नंतर एकेका रंगाची छटा दिली. दुसऱ्या कोणी हे निमूटपणे केलं असतं आणि प्रेक्षकाने दुर्लक्ष करावं अशी आशा धरली असती. दे लेओनने त्या रंगांना अर्थ दिला. निळी रात्र पसरलेली असते. पिशाच जवळ आलं की पडदा लाल होतो. थोड्या वेळाने प्रेक्षकाला सवय लागते आणि पात्रांच्या आधी त्याला कळतं की कोण येतं आहे. भरपूर रंगीत फिल्म हाताशी असती, तर हे सुचलं असतं का? बहुधा नाही.

आणि त्यातलं पिशाच! रोनाल्ड रेमीने केलेला मार्को टकला आहे, काळा झगा घालतो, डोळ्यांवर काळा चष्मा चढवतो. त्याची प्रेयसी कात्रिना मरणाच्या दारात आहे. तिला वाचवायला तिच्याच जुळ्या बहिणीचं, चारितोचं हृदय हवं आहे. दोन्ही बहिणींच्या भूमिका आमालिया फुएन्तेस या त्या काळच्या आघाडीच्या नायिकेने केल्या. युरोपीय रक्तपिपासूचा झगा अंगावर असला तरी गोष्ट हाडाची फिलिपिनो आहे: दुरावलेली बहीण, आईचा अपराध, पाद्री, गावकऱ्यांच्या प्रार्थनेचं बळ. मार्कोचं प्रेमही खोटं नाही. दोन वर्षांनी आलेल्या 'इबुलोंग मो सा हांगिन'मध्ये दे लेओन आणखी पुढे गेला. तिथे पिशाच झालेली आई घराच्या तळघरात साखळदंडांनी बांधून ठेवलेली आहे आणि घरातली माणसं वर जेवताहेत, लग्नं ठरवताहेत. घराण्याची इभ्रत राखण्यासाठी काय काय तळघरात कोंडलं जातं, हे सांगायला त्याला भरपूर पैसा लागला नाही. एक वाडा पुरला.

या सुमारास अमेरिकेत मोटारीत बसून बघायच्या उघड्या थिएटरांचा धंदा जोरात होता. एका तिकिटात दोन-दोन, तीन-तीन चित्रपट दाखवायचे आणि त्यासाठी सतत स्वस्त माल हवा असायचा. 'हेमिस्फिअर पिक्चर्स' या कंपनीने तो माल फिलिपिन्समधून पुरवायचं ठरवलं. केन लिन हा अमेरिकी निर्माता आणि एडी रोमेरो हा दुमागेतेचा फिलिपिनो दिग्दर्शक यात पुढे होते. फिलिपिन्समध्ये सगळंच जुळून येत होतं. इंग्रजी बोलणारे तंत्रज्ञ, अनुभवी स्टुडिओ, कमी मजुरी, समुद्र, जंगल, ज्वालामुखी. जॉन अ‍ॅशली हा अमेरिकी नट, जो पूर्वी समुद्रकिनाऱ्यावरच्या तरुणाईच्या चित्रपटांत चमकायचा, तो इथे आला आणि रमला. पुढे निर्माताही झाला.

त्यातून 'ब्लड आयलंड'चे चित्रपट निघाले. 'ब्राइड्स ऑफ ब्लड'मध्ये (1968) अणुचाचण्यांच्या किरणोत्सर्गाने बेटावरची झाडं माणसं धरू लागतात आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुली राक्षसाला वाहिल्या जातात. 'मॅड डॉक्टर ऑफ ब्लड आयलंड'मध्ये (1969) डॉक्टर लोर्काच्या प्रयोगाने माणसाचं रक्त हिरवं होतं, कारण हरितद्रव्य. विज्ञानाचा असा खेळखंडोबा दुर्मीळच. प्रेक्षकांना प्रवेशद्वारावर हिरव्या द्रवाची पुडी दिली जायची. चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावरून शपथ वाचली जायची, प्रेक्षकांनी ती म्हणायची आणि 'हिरवं रक्त' पिऊन टाकायचं, म्हणजे राक्षस होण्यापासून संरक्षण. 'ब्राइड्स'च्या वेळी बायकांना लग्नाच्या खोट्या अंगठ्या वाटल्या होत्या. चित्रपट सुरू होण्याआधीच प्रेक्षक त्या खेळात सामील झालेला असे.

'मॅड डॉक्टर'मधली कॅमेऱ्याची एक लकब पाहिलेला माणूस विसरू शकत नाही. राक्षस आला की झूम भराभर आत-बाहेर, आत-बाहेर होऊ लागतो. चित्र धडधडायला लागतं. काही प्रेक्षकांना अक्षरशः गरगरतं. त्याचा एक व्यावहारिक फायदा स्पष्ट दिसतो: राक्षसाचा चिकटवलेला चेहरा क्षणभरही स्थिर राहत नाही, त्यामुळे त्यातले दोष टिपायला डोळ्याला सवडच मिळत नाही. पण धडधडणारं चित्र आणि धडधडणारं काळीज यांचं नातंही तिथे जुळून गेलं आहे. 'मॅड डॉक्टर' दे लेओन आणि रोमेरोने मिळून केला होता, त्याचा पुढचा भाग 'बीस्ट ऑफ ब्लड' (1970) एकट्या रोमेरोने केला. त्यात राक्षसाचं मुंडकं प्रयोगशाळेत यंत्रांना जोडून जिवंत ठेवलेलं आहे, धड दुसरीकडे पडलेलं आहे. एडी गार्सियाने केलेला डॉक्टर लोर्का त्या मुंडक्याला हिणवत बसतो आणि मुंडकं द्वेषाने त्याच्याकडे बघत राहतं, बोलतंही. टेबलावरचं डोकं ही जत्रेतल्या जादूगाराची जुनी करामत. ती इथे भयानक होते, कारण दोघेही नट ती जीव तोडून करतात. कोणीही प्रेक्षकाकडे बघून डोळा मिचकावत नाही. या चित्रपटांचं खरं बळ तिथे आहे. आजकाल मुद्दाम वाईट काढलेले राक्षसपट बरेच येतात आणि वीस मिनिटांत कंटाळा येतो. ब्लड आयलंडचा कंटाळा येत नाही.

रोमेरो यांना स्वतःला आपल्या या कामाचा अभिमान नव्हता. त्यांना ओळखलं जावं असं वाटायचं ते 1976 च्या 'गानितो कामी नोऊन, पानो कायो न्गायोन?'सारख्या चित्रपटांमुळे, ज्यात स्पॅनिश सत्ता संपून अमेरिकी सत्ता येतानाचा फिलिपिन्स आहे. त्यांचं मत आदराने ऐकावं, पण मानू नये. 'द ट्वायलाइट पीपल'मध्ये (1972) त्यांनी पुन्हा मोरोचीच गोष्ट सांगितली, बिबळ्या-बाईच्या भूमिकेत पॅम ग्रिअरला घेतलं आणि एका वटवाघूळ-माणसाला उडवलं. ते उडणं केविलवाणं आहे. तरी ज्या आशेने तो माणूस पंख पसरतो, ती बघणाऱ्याला लागते. पुढे दे लेओन यांना 1982 मध्ये, मृत्यूनंतर, आणि रोमेरो यांना 2003 मध्ये 'राष्ट्रीय कलावंत' हा फिलिपिन्सचा सर्वोच्च कलासन्मान मिळाला. क्वेंटिन टॅरंटिनो 2007 मध्ये मनिलातल्या एका दुसऱ्या महोत्सवाला आला, तेव्हा त्यानेही या जुन्या मंडळींचं तोंडभरून कौतुक केलं.

एक गोष्ट मात्र खटकते. अमेरिकेसाठी केलेल्या चित्रपटांतला नायक गोरा आहे, बेटावरचे लोक भाबडे आहेत आणि राक्षसही उसना आहे. आस्वांग नाही, मनानांगाल नाही. परदेशी प्रेक्षकाला समजावं म्हणून अणुबाँब आणि वेडा डॉक्टर. घरची भुतं तोवर घरच्या चित्रपटांत आणि 'कोमिक्स'मध्ये, म्हणजे आठवड्याला येणाऱ्या चित्रकथांच्या अंकांत होती. मार्स रावेलोच्या 'दार्ना' या वीरांगनेची शत्रू व्हॅलेंतिना डोक्यावर जिवंत सापांचे केस बाळगायची. जिम फर्नांदेझच्या कोमिक्समधला हिरव्या अंगाचा, मानेभोवती दुतोंडी साप असलेला 'झुमा' 1985 मध्ये पडद्यावर आला. त्यातला साप हलतो कमी आणि हलवला जातो जास्त, पण मनिलातल्या एका पिढीची झोप त्याने उडवली होती.

1984 हे या सगळ्यातलं सोन्याचं वर्ष. 'शेक, रॅटल अँड रोल'च्या पहिल्या भागात तीन कथा आणि तीन दिग्दर्शक होते. त्यांतल्या इश्माएल बेर्नाल यांनी दोनच वर्षांपूर्वी 'हिमाला' केला होता, जो आजही फिलिपिन्सच्या सर्वश्रेष्ठ चित्रपटांत धरला जातो. इथे त्यांनी 'प्रिद्यिडेर' केला: माणसं गिळणारा फ्रीज. घरात थंड पाण्यासाठी, उरलेल्या जेवणासाठी दिवसातून वीस वेळा उघडलं जाणारं दार. मध्यमवर्गाच्या घरात नुकती आलेली चैनीची वस्तूच हपापलेली निघते. बेर्नाल यांनाही पुढे 2001 मध्ये राष्ट्रीय कलावंत हा सन्मान मिळाला. म्हणजे या देशाचे तीन राष्ट्रीय कलावंत असे, की ज्यांनी हिरवं रक्त, बोलकं मुंडकं आणि भुकेला फ्रीज पडद्यावर आणला.

तिसरी कथा पेके गालागा यांची 'मनानांगाल'. गालागा व्हिसायामधल्या बाकोलोदचे, म्हणजे आस्वांगाच्या मुलखातलेच म्हणायचे. 'ओरो, प्लाता, माता' या युद्धकालीन महाचित्रपटाने त्यांचं नाव झालं होतं. इथे त्यांच्याकडे एक गाव, एक बांबूचं घर, एक आजी, काही लहान मुलं आणि पौगंडावस्थेतला एक मुलगा. तो मुलगा हर्बर्ट बाउतिस्ताने केला, जो पुढे क्वेझोन सिटीचा महापौर झाला. काळ आहे पवित्र सप्ताहाचा. गुड फ्रायडेला देव मेलेला असतो, त्यामुळे ईस्टरपर्यंत दुष्ट शक्तींना मोकळं रान मिळतं, असा फिलिपिन्समध्ये जुना समज आहे. ती भीती कथेत आधीपासूनच भरलेली आहे. गावातली सुंदर अनिता हीच मनानांगाल आहे. रात्र पडते आणि ती घरावर चाल करून येते.

पुढचा भाग म्हणजे वेढा. घराच्या भिंती बांबूच्या, छप्पर पानांचं. कुठूनही नखं आत येऊ शकतात. पंख जवळून पाहिले तर रबर कळतं. पण गालागा ते जवळून पाहूच देत नाहीत. आधी छपरावर वजन पडल्याचा आवाज. मग सगळे डोळे वर. मग छपराचा एक भाग सरकतो आणि तिथून धूळ पडते. मुलगा एका बाजूची फट बुजवायला धावतो तोवर दुसऱ्या बाजूने खरवडणं सुरू होतं. भूत कुठे आहे हे प्रेक्षक घराबरोबर ऐकत राहतो. फिलिपिन्सच्या खेड्यात वाढलेल्या माणसाला या घराचा प्रत्येक कोपरा माहीत असतो आणि कुठली फट बुजायची राहिली हेही तोच आधी ओळखतो. इतक्या कमी साहित्यात इतकी घट्ट बांधलेली भयकथा फिलिपिन्समध्येच काय, कुठेही विरळाच.

गालागा यांनी लोरे रेयेस यांच्याबरोबर 1988 मध्ये 'तियानाक' केला. जंगलात सापडलेलं एक गोंडस बाळ घरी आणलं जातं. जानिस दे बेलेनने केलेली ज्युली मूल गमावल्याच्या दुःखातून सावरत असते. ती त्याला छातीशी धरते. बाळ रात्री सुळे काढून माणसं खातं. त्या वेळचं बाळ म्हणजे उघड उघड बाहुली आहे, पण चित्रपट बाहुलीवर उभा नाही, ज्युलीच्या हट्टावर उभा आहे. सगळं गाव ओरडत असताना ती त्या बाळाला सोडायला तयार होत नाही. भूत तिला समजलेलं नाही असं नाही. तिला मूल हवं आहे. हा चित्रपट इतका रुजला, की 'जानिसचं पोर' ही फिलिपिन्समध्ये चिडून तोंडातून निघणारी शिवीच होऊन बसली. 'शेक, रॅटल अँड रोल'च्या तिसऱ्या भागात (1991) एक कॉलेजकन्या पाण्यातल्या प्राण्याची अंडी घेऊन वसतिगृहात येते आणि त्या अंड्यांची आई ती शोधत मागोमाग येते. इथे तर राक्षस आईच.

या चित्रपटांची गोडी सांगताना ते कोणाच्या कष्टावर उभे राहिले हे झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. 1990 च्या दशकात मनिलात 'पितो-पितो' पद्धत आली. पितो म्हणजे सात. सात दिवसांत तयारी, सात दिवसांत चित्रीकरण, सात दिवसांत उरलेलं काम. त्या घाण्यातून लाव दियाझसारखा दिग्दर्शक बाहेर आला, ज्याला पुढे व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. पण कित्येक तंत्रज्ञ रात्रंदिवस राबून पिचले. ब्लड आयलंडवरच्या मुंडक्याला हिणवणारे एडी गार्सिया नव्वदीतही काम करत होते. 2019 मध्ये एका मालिकेच्या चित्रीकरणात वायरीत पाय अडकून ते पडले आणि त्यातच त्यांचं निधन झालं. त्यानंतर फिलिपिन्समध्ये चित्रपट आणि टीव्हीवरच्या कामगारांच्या कामाचे तास आणि सुरक्षितता यांसाठी कायदा व्हावा म्हणून मागणी उठली. 2024 मध्ये तो झाला आणि त्याला गार्सिया यांचंच नाव आहे.

आता तंत्र बदललं आहे. एरिक माती यांचा 'तिकतिक' (2012) जवळजवळ संपूर्णपणे हिरव्या पडद्यासमोर चित्रित झाला आणि गाव संगणकावर उभं राहिलं. बुद्येत तान आणि काहो बाल्दिसिमो यांच्या कोमिक्सवरून आलेली 'त्रेसे' ही अ‍ॅनिमेशन मालिका 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर आली आणि आस्वांग, तिकबालांग यांची नावं जगभर पोचली. पंख आता दोरीवर हलत नाहीत. आवाज बारीक होत गेला की तिकतिक जवळ आला, हा नियम मात्र तसाच आहे.

ज्यांना हे चित्रपट पाहायचे आहेत त्यांनी सुरुवात 1984 च्या 'मनानांगाल'पासून करावी. अर्ध्या-पाऊण तासात कळेल की हे जग आपलं आहे की नाही. मग 'द ब्लड ड्रिंकर्स' बघावा आणि रंग कधी बदलतो त्याकडे लक्ष ठेवावं. 'टेरर इज अ मॅन'सह ब्लड आयलंडचे चार चित्रपट 2018 मध्ये स्वच्छ केलेल्या प्रतींतून एकत्र निघाले आहेत. ते घाई न करता, एका रात्री एक, असे पाहावेत. 'तियानाक' शेवटी ठेवावा. आणि मोबाईलच्या पडद्यावर, कानात बारीक आवाज लावून हे चित्रपट बघू नयेत. खोलीत अंधार करावा, आवाज मोठा ठेवावा आणि शक्यतो घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावेत, कारण ते तसेच बघण्यासाठी बनवलेले आहेत.